वल्ह्यावरच्या दोन पांढऱ्या जागा

१

पंचनाम्यात लिहिलं होतं : "मयत सत्यभामाबाई कोम उत्तमराव सुतार, राहणार मलकापूर, हिने स्वतःच्या निष्काळजीपणाने तेजाबाच्या हौदात तांब्याभर पाणी ओतले. तेजाब उसळून अंगावर पडले व त्यात तिला मरण आले. कोणावर संशय नाही."

फौजदारांनी हे मला वाचून दाखवलं आणि अंगठा मागितला. मी म्हटलं, "मी चौथी शिकलो आहे साहेब, सही येते मला. पण ह्याच्यावर करणार नाही."

"काऊन बे?" दारातला शिपाई म्हणाला. "मेलेल्या माणसाले काय फरक पडते?"

मला पडत होता. सत्यभामा माझी बायको. सोळा वर्षं माझ्या घरात होती. ज्या चुकीपासून ती दुसऱ्यांना राखायची, तीच चूक कागदावर तिच्या नावानं लिहिली होती.

फौजदार म्हणाले, "सोमवारी हा कागद बुलढाण्याला जाईल. त्यानंतर मला काही करता येणार नाही. सोमवारीच भगवंतरावांचं कामही पुन्हा सुरू होणार आहे."

तो दिवस गुरुवार होता.

काम काय होतं ते आधी सांगतो. सरकीला बारीक कापूस चिकटलेला असतो. पेरताना बी एकमेकांत अडकतं, म्हणून आपल्याकडे शेतकरी ती शेणात आणि राखेत चोळून घेतात. कारखान्याचे मालक भगवंतराव यांनी मलकापुरात नवीन पद्धत आणली. हौदात गंधकाचं तेजाब ओतायचं, त्यात सरकी टाकून ढवळायची. वरचा कापूस जळून जातो. मग सरकी उपसून, भरपूर पाण्यात आणि चुन्याच्या निवळीत धुवायची. काळी, गुळगुळीत, सुटी सरकी मिळते. सागाचा हौद मीच केला होता. आतून शिशाचा पत्रा ठोकला होता. ढवळायची वल्हीही मीच केली होती.

सत्यभामा तिथली मुकादमीण होती. पहिल्या वर्षी शेतकी खात्याचा एक माणूस शिकवायला आला. तीन दिवस बाकीच्या बाया त्याचा चष्मा बघून हसत राहिल्या. हिनं मात्र त्याचा शब्द न् शब्द ऐकला. पाण्यात तेजाब हळूहळू ओतलं तर चालतं, तेजाबात पाणी कधीच नाही. पाणी पडलं की ते तिथल्या तिथे उकळतं आणि तेजाब घेऊन वर उडतं. अंगावर तेजाब पडलंच तर मात्र घागरीवर घागरी ओतायच्या, थांबायचं नाही. प्यायच्या पाण्याचा माठसुद्धा तिनं दाराबाहेर ठेवायला लावला होता. ओल्या हातानं कोणी आत आलं तर ती परत पाठवायची.

आणि अशी बाई तेजाबात तांब्याभर पाणी ओतेल?

२

सन चौतीसची आखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. सकाळी तिनं पितरांची घागर भरली, माझ्या हातानं घागरीवर खरबूज ठेवून घेतलं आणि कामाला गेली. दहा वाजता मला बोलावणं आलं. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा तिला बोलता येत नव्हतं. तोंड, गळा, छाती सगळं गेलं होतं. दुपारी ती गेली.

तिला शेवटचं उचलताना मी तिचे हात पाहिले. हातांच्या पाठी जळलेल्या होत्या. तळहात कोरे होते. दोन्ही तळहात.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात गेलो. भिंतीशी माझं वल्हं पडलं होतं. दोनच दिवसांपूर्वी रंधून दिलेलं, नवं कोरं. त्याच्यावर काळे शिंतोडे उडाले होते. दांड्यावर मात्र दोन ठिकाणी लाकूड पांढरंच राहिलं होतं. मी त्या पांढऱ्या जागेवर माझी मूठ ठेवली. माझी मूठ मोठी होती. तिची बरोबर बसली असती.

ते वल्हं मी घरी आणलं, आणि पंचनामा ऐकून आल्यावर ते घेऊन अब्दुल गनींकडे गेलो.

गनीभाईंनी भुसावळला एकवीस वर्षं रेल्वेच्या डब्यांतल्या दिव्यांच्या बॅटऱ्यांत तेजाब भरलं होतं. आता म्हातारपणी मलकापुरात राहत होते. डाव्या मनगटावर तेजाबाचे जुने डाग होते. त्यांनी वल्हं पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"उत्तमभाऊ, तेजाब उडालं तवा तिचे दोन्ही हात या दांड्यावर होते."

"मलेही तसंच वाटते."

"मंग तांब्या कोन्या हातात होता?"

मी पांढऱ्या जागा पुन्हा मोजल्या.

"तिसरा हात दुसऱ्याचा होता," गनीभाई म्हणाले. "उठा. चपला घाला."

३

कारखान्याचे दिवाणजी रंगराव दारातच उभे होते. त्यांच्या धोतराला गुडघ्याखाली मोठमोठी भोकं होती. ती मी तेव्हाच पाहिली आणि माझ्या मनात आग पेटली.

"मी तं नव्हतोच अठी," ते म्हणाले. "मालधक्क्यावर तेजाबाच्या बाटल्या उतरवून राह्यलो होतो. आलो तवा सगळं आटपलं होतं. हा तांब्या हौदापाशी पडला होता, पाहा."

गनीभाईंनी तांब्या उचलला. तांब्याचाच होता, काळवंडलेला, महिनाभर न घासलेला. त्यांनी खिशातून काचेची लहान बाटली काढली आणि काडीनं तेजाबाचा एक थेंब तांब्यावर लावला. थोड्या वेळानं पुसलं. तिथे नव्या पैशासारखा लाल डाग उजळला.

"हौदातलं तेजाब उसळलं, भिंतीवर गेलं, छतावर गेलं. आन् हौदापाशी पडलेल्या या तांब्यावर एक शिंतोडा नाई? हा मागून आणून ठेवला, दिवाणजी."

रंगराव म्हणाले, "मले काय माहीत?"

"रबरी हातमोजे कुठी हायेत?" मी विचारलं.

"कपाटात."

"कपाटाला कुलूप का?"

"बाया फाडून टाकतात ना. खराब होतात."

"आणि धुवायच्या पाण्याचं पिंप?"

 त्या दिवशी पिंप कोरडं होतं हे मला दवाखान्यातच कळलं होतं. माझ्या बायकोच्या अंगावर ओतायला पाणी आणायला बाया विहिरीवर धावल्या. हौदात ओतायला पाणी होतं, तिच्या अंगावर ओतायला नव्हतं. ही गोष्ट मी आजही शांतपणे लिहू शकत नाही.

अंबूबाई आत झाडत होती. सत्यभामेच्या जागी सोमवारपासून ती मुकादमीण होणार होती.

"मी भाईर होती भाऊ," ती म्हणाली. "आवाज आला तवा धावली. मले काईच माहीत नाई."

"सरकी टाकली होती का हौदात?" गनीभाईंनी विचारलं.

"नाई. पयलाच दिवस होता. सरकी पोत्यातच होती. नुसतं तेजाब ओतलं होतं."

"मंग ढवळायचं काय होतं? तिच्या हातात वल्हं कायले?"

अंबूबाई पुन्हा झाडायला लागली.

हौद उपसलेला होता. गनीभाई काठी घेऊन तळाशी खरवडू लागले. शिशाच्या कोपऱ्यातून त्यांनी एक काळा गोळा बाहेर काढला. लिंबाएवढा, हलका, भोकाभोकांचा.

"सरकी पोत्यात होती," ते माझ्या कानाशी म्हणाले. "कापूस जळाला नाई. मंग हे काय जळालं?"

४

शनिवारी भगवंतरावांच्या ओसरीवर आम्हाला बसायला सतरंजी मिळाली. मालक तक्क्याला टेकून होते. अंगावर शाल. वैशाखात शाल.

"आखजीले मी घरी होतो, उत्तमराव. पितरायचं पान वाढून राह्यलो होतो. वाईट झालं. पण बाईमाणसाले तेजाब समजत नाई, हे मी पयल्यापासून सांगत होतो."

"तिला समजत होतं," मी म्हणालो.

"बरं बरं. घ्या, सुपारी घ्या."

त्यांनी सुपारी पुढे केली. डाव्या हातानं. माझी बायको यांच्या हौदापाशी मेली आणि हा माणूस मला डाव्या हातानं सुपारी देत होता. मी ती घेतली नाही. उठलो आणि चालू लागलो. गनीभाई मागून आले. रस्त्यात मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"झालं का बोलून?" ते म्हणाले.

"नाई."

"मंग घरापर्यंत बोला. मले घरी एक काम हाये."

घरी त्यांनी चिनीमातीच्या बशीत एक बत्तासा ठेवला. बाटलीतलं तेजाब त्याच्यावर ओतलं आणि मला दोन हात मागे सारलं. पांढरा बत्तासा पिवळा झाला, मग तपकिरी, मग काळा. मग तो फुगू लागला. वाफ निघाली आणि बशीत काळा, हलका, भोकाभोकांचा गोळा उभा राहिला. त्यांनी हौदातला गोळा त्याच्याशेजारी ठेवला.

दोन्ही सारखेच होते.

"साखर," गनीभाई म्हणाले. "तेजाबाच्या हौदात साखर कोन टाकते, उत्तमभाऊ? तुमच्यातला रिवाज हाये, तुम्हीच सांगा."

मला कळलं. आखजी. साडेतीन मुहूर्तांतला एक. हंगामाचा पहिला हौद. नव्या मोटेची, नव्या गाडीची, नव्या जात्याची पूजा होते तशी कोणीतरी हौदाची पूजा केली होती. नैवेद्याची साखर टाकली होती. आणि साखरेनंतर कलशातलं पाणी वाहतात.

५

"पण कोन?" रविवारी सकाळी मी गनीभाईंना विचारलं. "रंगराव. त्याच्या धोतराची भोकं पाह्यली ना?"

"पाह्यली. म्हणूनच परटिणीकडे जाऊ."

तेजाबाचा बारीक शिंतोडा सुती कापडावर पडला तर लगेच दिसत नाही, हे मला त्यांनी वाटेत सांगितलं. कापड धुतलं, पिळलं, की तिथे भोक पडतं. भुसावळला नवीन माणसं पहिल्या पगाराचे सदरे असेच गमावत.

मनकर्णाबाई परटीण घाटावर होती. आम्ही तोंड उघडायच्या आधीच ती उसळली.

"तुम्हीबी भांडाले आले का? एकानं कमी केलं का? आखजीच्या संध्याकाळी कपडे आले, म्या धुतले. उपरणं पिळलं तं हातात चाळणी आली! म्हणे, तू फाडलं. चाळीस वर्सं धुऊन राह्यली मी, धोंड्यावर आपटून कोनाचं लुगडं फाटलं नाई, आन् उपरणं फाटते?"

"कुठं हाये ते?" गनीभाईंनी विचारलं.

"त्यायनं फेकलं तोंडावर. म्या ठेवलं. माह्या नातवाचं फडकं होईन म्हणून."

तिनं ते झाडावरून ओढून दिलं. एका बाजूला, खांद्यापासून छातीपर्यंत, शेकडो बारीक भोकं. पिठाच्या चाळणीसारखी. गनीभाईंनी त्याचा कोपरा शोधला. परटिणी घराघराच्या कपड्यांवर बिब्ब्यानं खूण करतात, ती धुऊन जात नाही.

"मनकर्णाबाई, रंगरावाच्या घरची खूण कोनती?"

"फुली."

कोपऱ्यावर तीन ठिपके होते.

६

सोमवारी सकाळी फौजदार कागद घेऊन कारखान्यातच आले. बाया जमल्या होत्या. मालक शाल पांघरून खुर्चीवर बसले होते.

गनीभाईंनी तांब्या, काळा गोळा आणि उपरणं पोत्यावर मांडलं. वल्हं मी आणलं होतं. तांब्याचं, गोळ्याचं, वल्ह्यावरच्या दोन पांढऱ्या जागांचं त्यांनी सांगितलं तोवर फौजदार ऐकत होते.

"मग हा रंगरावच," फौजदार म्हणाले. "धोतर पाहा त्याचं."

"नाई साहेब. त्याची भोकं मोठी हायेत, गुडघ्याखाली. बाटल्या उचलता-ठेवताना खाली ठिबकते, त्याची. मालधक्क्यावरच्या बाबूले मी विचारलं, तो त्या वक्ती तठीच होता. तांब्या ठेवला तो मागून, कोनाच्या तरी सांगण्यावरून."

रंगराव मालकांकडे बघू लागले.

"आन् हे उपरणं पाहा. शांत तेजाब खांद्यापर्यंत उडी मारत नाई. असा बारीक फवारा एकाच वक्ती उडते, पाणी पडून ते उकळते तवा. म्हणजे हे उपरणं त्याच वक्ती हौदापासून हातभर अंतरावर होतं." ते वळले. "तीन ठिपके, तुमच्याच घरची परटिणीची खूण. मालक, सुपारी डाव्या हातानं कायले दिली? उजवा हात शालीबाहेर काढा."

मालकांनी हात काढला नाही. फौजदारांनी शाल बाजूला केली. मनगटापासून बोटांपर्यंत पट्टी होती.

 मग भगवंतरावांनी डोळ्याला उपरणं लावलं, दुसरं, नवीन.

"हो. ओतलं. हंगामाचा मुहूर्त होता साहेब, देवाचं काम होतं. पाण्यानं असं होते हे मले काय माहीत? मले कोनी सांगतलंच नाई. अजाणतेपणी झालं."

फौजदारांचा चेहरा मऊ झाला. मी तो होताना पाहिला. त्यांनी कागदावरचं "निष्काळजीपणाने" खोडलं आणि वर लिहिलं, "अपघाताने". लिहिताना म्हणाले, "तुमच्या बायकोवरचा दोष गेला, उत्तमराव. अज्ञानाला कायदा तरी काय करणार?"

माझ्या बायकोवरचा दोष गेला आणि तो कोणावरच बसला नाही! "कोनी सांगतलंच नाई" म्हणजे हौदापाशी मुकादमीण असून ती गप्प उभी राहिली, असा अर्थ झाला. मी वल्हं उचललं. चार दिवस मी त्या दोन पांढऱ्या जागा बघत होतो, पण त्यांच्यामधलं अंतर बघितलं नव्हतं. सुतारानं ते आधी बघायला हवं होतं.

"साहेब," मी म्हणालो, "ढवळताना वल्हं कसं धरतात ते या बायांना विचारा."

एका बाईनं धरून दाखवलं. दोन्ही हात दांड्याच्या वरच्या टोकाला, जवळ जवळ.

"आता ह्या जागा पाहा. एक दांड्याच्या टोकाला आहे, दुसरी खाली पात्याच्या डोक्याशी. हात फाकून धरलं तरच असं होतं. आणि पातं पाहा. एका बाजूनं काळं आहे, दुसऱ्या बाजूनं मी रंधलं तसंच पांढरं आहे. हे तेजाबात बुडालंच नाही. सगळे शिंतोडे खालच्या अंगाला आहेत, टोकापासून टोकापर्यंत."

मी हौदाशी गेलो. हात फाकले आणि वल्हं हौदाच्या तोंडावर आडवं धरलं, दाराला अडसर घालतात तसं. दोन पांढऱ्या जागा माझ्या मुठीत आल्या.

"ती ढवळत नव्हती. ती अडवत होती. तोंडानं सांगून ऐकलं असतं तर तिला हे करावं लागलं नसतं."

"अंदाज आहे हा," मालक एकदम शुद्ध बोलू लागले. "सुताराचा अंदाज."

तेव्हा मागून आवाज आला.

"अंदाज नाई."

अंबूबाई होती. पदर तोंडात धरून उभी होती, तो तिनं काढला.

"मी अठीच होती. मी खोटं बोलली, भाऊ. त्यायनं साखर टाकली, कलश उचलला. सत्यभामाबाई म्हणे, 'मालक, पाणी नका टाकू, तेजाब अंगावर येते.' ते म्हणे, 'मुहूर्ताले आडवी येते का?' ती म्हणे, 'पाया पडते, कलश बाहेर वाहा, देवाले चालते.' ते म्हणे, 'तू मले देव शिकवते? बाजूले सर.' मंग तिनं वल्हं आडवं धरलं. त्यायनं वल्ह्यावरून हात नेऊन ओतलं." ती मालकांकडे वळली. "तीनदा सांगतलं तिनं. मी मोजलं. मले म्हणाले मुकादमीण करतो, गप राह्य. मी गप राह्यली."

फौजदारांनी लेखणी थांबवली. मग नवा कागद घेतला.

७

खटला बुलढाण्याला चालला. भगवंतरावांना शिक्षा झाली. किती, ते लिहीत नाही, मला ती कमी वाटली. रंगरावांना कामावरून काढलं. नवीन पंचनाम्यात असं आहे की मयत सत्यभामाबाई हिने पाणी ओतण्यास तीन वेळा मनाई केली, व न ऐकल्याने वल्हे आडवे धरून अटकाव केला, तरी पाणी ओतण्यात आले. त्याच्याखाली मी सही केली. पूर्ण नाव लिहिलं.

गावात लोक अजून म्हणतात, जाऊ द्या उत्तमराव, देवाच्या कामात झालं. मी त्यांना सरळ सांगतो, देवाचं काम तिनं बाहेर करायला सांगितलं होतं. माणसानं एका मजूर बाईचं ऐकायचं नाही म्हणून झालं.

मालकांच्या भावानं काम पुढे चालवलं. अंबूबाई मुकादमीण झाली. तिच्यावर माझा राग होता, अजून आहे. पण हातमोज्यांचं कपाट उघडं असतं आणि पिंप रोज सकाळी भरलेलं असतं, हे मी जाऊन पाहतो.

खटल्याआधी फौजदार हौदाचं मोजमाप घ्यायला आले होते, तो दिवस सांगतो आणि संपवतो. ऊन फार होतं. मला फूटपट्टी घेऊन बोलावलं होतं. फौजदारांनी दारात माठातलं पाणी फुलपात्रात घेतलं आणि पीत पीत आत आले. हौद भरलेला होता.

अंबूबाई त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"साहेब, पाणी भाईर."

"पितो आहे बाई."

"प्या. भाईर प्या."

शिपाई हसला. "अवं बाई, कोनाशी बोलून राह्यली?"

"साहेबाशी," ती म्हणाली. "तुह्या हातात काय हाये, दाखव."

फौजदारांनी हातातल्या फुलपात्राकडे पाहिलं. मग मागे फिरले, दाराबाहेर जाऊन उभ्यानं पाणी प्याले, फुलपात्र पायरीवर उपडं ठेवलं आणि रुमालानं हात कोरडे करत आत आले.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता या," अंबूबाई म्हणाली.

मी पट्टीचं एक टोक धरलं आणि आम्ही मोजायला लागलो.